पाण्यांतील फांस आणि कमरेची सुरी

बीड जिल्हा समुद्रापासून दूर आहे, आणि अवर्षणाचा मुलूख म्हणूनच त्याचें नांव बहुधा लोकांच्या कानीं पडतें. तथापि याच जिल्ह्यांत माजलगांवाजवळ सिंदफणा नदीवर सुमारें साडेसहा किलोमीटर लांबीचें मातीचें धरण उभें आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा तो भाग असून पैठणच्या उजव्या कालव्याचें पाणीहि त्याच्या जलाशयांत येऊन मिळतें. या पाण्यावर बीड व माजलगांव या शहरांची तहान भागते, शेतें भिजतात आणि मासेमारांच्या चुली पेटतात.

सप्टेंबर २०२२ मध्यें या जलाशयांत पोहण्यास गेलेले एक डॉक्टर बुडाले. त्यांच्या शोधासाठीं कोल्हापूरहून आपत्ती निवारणाचें एक पथक आलें. शोध चालू असतां त्या पथकांतील एका जवानासहि प्राणास मुकावें लागलें. मासे धरण्यासाठीं पाण्यांत सोडलेल्या जाळ्यांत तो अडकला, असें त्या वेळच्या वृत्तपत्रांनीं सांगितलें. बुडालेल्यास शोधावयास गेलेला, पाण्याची संवय असलेला मनुष्य पाण्यांतच राहावा, ही घटना मनाला चटका लावणारी तर आहेच. पण ती विचार करावयास लावणारीहि आहे. ज्याला पोहतां येतें, ज्याच्या अंगांत बळ आहे, त्याला साधा धागा कसा धरून ठेवूं शकतो?

या प्रश्नाचें निम्में उत्तर धाग्यांत आहे. पूर्वी जाळीं सुताचीं किंवा तागाचीं असत. तीं उन्हांत वाळवावीं लागत, टिकावीं म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यांत बुडवावीं लागत, आणि इतकें करूनहि तीं कुजत. हरवलेलें जाळें थोड्याच काळांत पाण्यांत विरून जाई. १९३५ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरदर्स यांनीं नायलॉन सिद्ध केलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर या धाग्यानें जाळ्यांत सुताची जागा घेतली. नायलॉन कुजत नाहीं. तें पाण्याहून किंचित् जड असल्यामुळें सुटलेला तुकडा तळाकडे जातो व झाडाझुडपांना किंवा खडकांना अडकून वर्षानुवर्षें तेथेंच राहतो. त्याचा तंतु बारीक व रंगहीन असतो. पावसाळ्याच्या अखेरीस काळ्या मातीच्या मुलखांतील पाणी गढूळ असतें. त्यांत असा तंतु हाताला लागेपर्यंत डोळ्यांना दिसत नाहीं. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनच्या मांजानें किती गळे कापले जातात, हें शहरांतील लोकांना ठाऊक आहेच. २०१७ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें त्या मांजावर देशभर बंदी घातली. बारीकपणा आणि चिवटपणा यांचा तोच संयोग जाळ्यांतहि असतो.

जाळ्याचा ०.२ मिलिमीटर जाडीचा एक तंतु तोडावयास सुमारें दीड ते दोन किलो वजनाइतकी ओढ पुरते. एवढें बळ लहान मुलाच्या हातांतहि असतें. परंतु जाळें एका तंतूनें धरीत नाहीं. अंगाभोंवतीं वीस तंतु एकदम ताणले गेले, म्हणजे हाच आंकडा तीस-चाळीस किलोंवर जातो.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग पाण्यांत आहे. जमिनीवर दोरी तोडतांना मनुष्य पाय रोवतो, आणि त्याच्या ओढीला जमीन आधार देते. पाण्यांत पाय रोवावयास कांहीं नसतें. तेथें धागा ओढला कीं धागा तुटण्याऐवजीं ओढणाराच धाग्याकडे जातो. तो वळला कीं विळखा वाढतो. पाय झाडले कीं नवीं छिद्रें पायांत अडकतात. पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांडें, त्याची तोटी, पट्ट्यांच्या कड्या हीं सर्व जाळ्याला आंकड्यासारखीं सांपडतात, आणि मानेमागील तोटीपर्यंत तर त्याचा स्वतःचा हातहि नीट पोंचत नाहीं. भीतीमुळें श्वास जलद होतो व जवळची हवा लवकर सरते. अशा रीतीनें बळ जितकें अधिक वापरावें तितका फांस अधिक आवळतो.

म्हणून ज्या पाण्यांत जाळीं, गळाच्या दोऱ्या किंवा दोरखंड असण्याचा संभव आहे, तेथें उतरणाऱ्यानें धागा कापण्याचें साधन अंगावर बाळगावें, असा जगभरच्या पाणबुड्यांचा नियम आहे. एक हातचें निसटलें तर दुसरें असावें, या हेतूनें पुष्कळजण अशीं दोन साधनें बाळगतात. पण साधन कसें असावें हें समजून घेणें अवश्य आहे. बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दरसाल ऊसतोडीस जातात. त्यांच्या कामांत कोयत्याचें महत्त्व इतकें, कीं नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. परंतु कोयता चालतो तो झोंकाच्या जोरावर. पाण्यांत पाणीच झोंक अडवितें, आणि सैल धागा घावाखालून सरकून जातो. येथें हवी असते ती लहान, आंकड्यासारखी वांकलेली सुरी. तिचें पातें वांकाच्या आंतल्या बाजूस असतें आणि बाहेरचें टोंक बोथट असतें. धागा वांकांत आपोआप येऊन बसतो व नुसतें ओढतांच कापला जातो. बोथट टोंकामुळें घाईंत स्वतःस इजा होत नाहीं. ती एका हातानें चालवितां आली पाहिजे, आणि निसटूं नये म्हणून आंखूड दोरीनें बांधलेली असली पाहिजे.

सुरी कोठें बांधावी, हाहि प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. चित्रपटांतील पाणबुड्या ती पोटरीला बांधतो. परंतु जाळ्यांत पाय पुष्कळदां आधीं गुंततात, आणि मग पोटरीपर्यंत हात नेणें कठीण होतें. छाती किंवा कंबर ही जागा उत्तम; कारण दोन्हींपैकीं कोणताहि हात तेथें पोंचतो. डोळे मिटून, आधीं उजव्या व मग डाव्या हातानें सुरी काढण्याचा सराव कोरड्या जमिनीवर करावा. पाण्यांत उतरण्यापूर्वीं नायलॉनचा एक धागा कापून धार पाहावी. गंजलेली सुरी जवळ असणें हें सुरी नसण्याहून धोक्याचें. कारण ती खोटा भरंवसा देते.

पाण्यावरच्या एका नव्या खेळांतहि हाच नियम आढळतो. रामेश्वरमजवळच्या समुद्रावर काइट सर्फिंग खेळला जातो. मोठ्या पतंगाला कमरेच्या पट्ट्यानें स्वतःस जोडून खेळाडू फळीवर उभा राहतो आणि वारा त्याला लाटांवरून ओढीत नेतो. वीस-पंचवीस मीटर लांबीच्या चार-पांच दोऱ्या पतंगाला बांधलेल्या असतात. त्या ज्या कृत्रिम तंतूच्या करतात तो वजनाच्या मानानें पोलादाहून बळकट, पण पाण्याहून हलका असतो. त्यामुळें पतंग पडला कीं सैल दोऱ्या पृष्ठभागावर तरंगतात व पोहणाऱ्याच्या पायांभोंवतीं वेढे घेतात. इतक्यांत पतंगांत पुन्हा वारा भरला तर तोच वेढा क्षणांत फांस होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची ओढ चौपट होते, हें येथें ध्यानांत ठेवावें. म्हणून जाणते खेळाडू कमरेच्या पट्ट्यांतील खिशांत आंकडेदार सुरी ठेवतात.

मात्र सुरी हा पहिला उपाय नव्हे. तो शेवटचा आहे. काइट सर्फिंगमध्यें पतंग सोडून देण्याची कळ कमरेजवळच असते. ती आधीं वापरावयाची, आणि तरीहि दोरीचा विळखा सुटला नाहीं तर सुरी काढावयाची. दोरी हाताला गुंडाळून पतंग आंवरण्याचा मोह तर कधींच धरूं नये. जाळ्यांतहि क्रम असाच आहे. प्रथम थांबावें, श्वास संथ करावा, वळूं नये. ज्या वाटेनें आलों त्याच वाटेनें मागें सरावें. सोबत्यास खूण करावी, कारण पाठीमागचा धागा त्यालाच दिसतो. त्यानेंहि सुटका झाली नाहीं, म्हणजे ताणलेला धागा प्रथम, मग दुसरा, असे एकेक कापावे. हातांत येईल तें भराभर कापीत सुटलें, तर सुटे शेव पुन्हा अंगाभोंवतीं गुंततात.

जो साधा पोहणारा आहे, त्यास या सर्वांतून घेण्याजोगा बोध अधिक सोपा आहे. जलाशयावर जेथें तरंगणारे पत्र्याचे डबे, प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्मोकोलचे तुकडे एका ओळीनें दिसतात, तेथें खालीं जाळें आहे असें समजावें व त्या पाण्यांत उतरूं नये. तें जाळें कोणाच्या तरी पोटाचें साधन आहे; त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. परंतु फाटलेलें जाळें पाण्यांत टाकून न देतां कांठावर आणणें हें मासेमारांनाहि हिताचें आहे. कारण टाकलेलें जाळें मासे मारीत राहतें आणि ते मासे कोणाच्याच टोपलींत येत नाहींत. कोणी बुडत असेल तर उडी टाकण्याआधीं दोर, बांबू किंवा हवा भरलेली ट्यूब त्याच्याकडे फेंकावी. ज्यांना कर्तव्य म्हणून उतरावेंच लागतें, त्या शोधपथकांनीं आधीं गांवच्या मासेमारांना विचारून जाळ्यांच्या जागा समजून घ्याव्या, शक्य तीं जाळीं काढवून घ्यावीं, आणि मगच पाण्यांत पाऊल टाकावें.

एक वीतभर सुरी सर्वांनाच वांचवील असें कोणी म्हणणार नाहीं. पण पाण्यांत अडकलेल्या मनुष्यापाशीं वेळ मोजका असतो, आणि तो वेळ हातानें धागा ओढण्यांत घालवावा कीं कापण्यांत लावावा, हें पाण्यांत शिरण्यापूर्वीं कांठावरच ठरतें.