शत्रुप्रेम (ख्रिस्ती धर्म)

आपला द्वेष वा छळ करणाऱ्या, तसेच ज्यांचा सहवास दुःसह होतो अशा माणसांचेही हित चिंतावे व साधावे, हे ख्रिस्ती नीतीतील एक प्रमुख आचरणतत्त्व. ‘शत्रू’ या शब्दाने येथे केवळ उघड वैरी अभिप्रेत नाही. घरातील तापट, हेकट वा कृतघ्न माणूसही त्यात येतो आणि या तत्त्वाची खरी कसोटी बहुधा त्याच्याच बाबतीत लागते.

या तत्त्वाचा आधार मत्तय (५ : ४३–४८) व लूक (६ : २७–३६) यांच्या शुभवर्तमानांत आहे. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा जुन्या करारात (लेवीय १९ : १८) होतीच आणि भुकेल्या वैऱ्याला अन्न द्यावे, असे नीतिसूत्रांतही (२५ : २१) सांगितले आहे. येशूने ‘शेजारी’ या कल्पनेची मर्यादाच काढून टाकली. या प्रेमाला ग्रीकमध्ये ‘अगापे’ म्हणतात. आवड किंवा जिव्हाळा असा त्याचा अर्थ नव्हे. भावना आज्ञेने उत्पन्न होत नाही. कृती मात्र आज्ञेने घडू शकते. म्हणून शुभवर्तमानांत भले करणे, आशीर्वाद देणे, प्रार्थना करणे अशा क्रियाच सांगितल्या आहेत.

फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेलाइट जोगीण तेरेझ (१८७३–९७) हिने आत्मकथनात मठातील एका भगिनीची हकीकत दिली आहे. त्या भगिनीचे वागणे-बोलणे तिला मुळीच रुचत नसे. तेरेझ तिच्यासाठी प्रार्थना करी, तिची कामे करी, टोचून उत्तर द्यावेसे वाटले की हसे आणि तेही न साधल्यास तेथून सरळ पळ काढी. आपल्यात एवढे आवडण्यासारखे काय आहे, असे त्या भगिनीनेच पुढे तिला विचारले.

मराठीत या विषयाचे सर्वांत जिवंत चित्रण ⇨लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे (४ भाग, १९३४–३७) या आत्मचरित्रात आढळते. सोवळ्याचा अतिरेक करणारे वडील, कडक स्वभावाचे सासरे आणि उदार, पण शीघ्रकोपी व संसाराची शुद्ध नसलेले पती ⇨नारायण वामन टिळक, अशा माणसांत त्यांचे आयुष्य गेले. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला न सांगता. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या व १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. त्या पतीचे दोष लपवीत नाहीत. भांडतात, थट्टा करतात आणि तरीही त्यांना सोडत नाहीत. त्यांची ही सोशिकता धर्मांतरापूर्वीची असल्याने तिचे सर्व श्रेय नव्या धर्माला देता येणार नाही. तीत पातिव्रत्याचा जुना संस्कार किती व अगापे किती, हे निवडणे कठीण आहे.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ होता. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ज्ञानेश्वरांचे पसायदान आणि अंगावर वारंवार थुंकणाऱ्यावरही न रागावणाऱ्या एकनाथांची आख्यायिका यांवर वाढलेल्या वाचकाला शत्रुप्रेम परके वाटण्याचे कारण नाही. याच कृष्णाकाठच्या पट्ट्यात, कराडच्या खाली मिरजेस विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. त्याचा उल्लेख येथे अनेकदा होतो. परंतु रुग्णाविषयीची करुणा व त्रासदायक माणसावरील प्रेम या दोन गोष्टी एक नव्हेत. रुग्ण सहसा उपकार मानतो, त्रासदायक माणूस मानीलच असे नाही.

शत्रूवर प्रेम करण्याची अपेक्षा मानवी स्वभावाला झेपणारी नाही, असा आक्षेप ⇨सिग्मंड फ्रॉइड यांनी १९३० मध्ये घेतला. त्याहून गंभीर आक्षेप दुरुपयोगाचा आहे : मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला किंवा दडपलेल्या समाजाला गप्प बसविण्यासाठी हेच वचन पुढे करण्यात आले आहे. ⇨मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५७ मधील प्रवचनात प्रेम करणे व आवडणे यांत फरक केला आणि पृथक्‌वासनाच्या रूढीविरुद्धचा लढा मात्र चालू ठेवला. ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये पती व दोन मुलगे जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. खटला त्यामुळे थांबला नाही. २००३ मध्ये आरोपींना शिक्षा झाली. स्टेन्स २००४ पर्यंत बारिपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करीत राहिल्या.