मका व भुईमूग यांवरील बुरशीचे विष

धान्यास बुरशी आली की त्याचा रंग जातो, कुबट वास येतो आणि बाजारात भाव कमी मिळतो, एवढेच नुकसान सामान्यतः ध्यानात घेतले जाते. परंतु काही बुरशी धान्यात प्रत्यक्ष विष निर्माण करतात, आणि ते विष भाकरीबरोबर माणसाच्या पोटात जाते. याची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

1974 च्या शरद ऋतूत गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत मक्याच्या काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला. भिजलेली कणसे नीट न वाळताच घरात साठविण्यात आली. मका हेच तेथील आदिवासी कुटुंबांचे मुख्य अन्न. घरात दुसरे धान्य नसल्यामुळे बुरशी आलेला मकाच दळून खाल्ला गेला. थोड्याच दिवसांत अनेक गावांतून कावीळ, पोटात पाणी होणे व पायांवर सूज येणे अशा तक्रारी सुरू झाल्या. त्याच घरांतील अन्नावर वाढलेली कुत्रीही अशाच लक्षणांनी मेली. सुमारे 400 रुग्णांपैकी 106 दगावले. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष मोठ्या प्रमाणात आढळले. 2004 साली आफ्रिकेतील केनिया देशात मक्यामुळेच असा प्रसंग पुन्हा ओढवला व तेथे 125 माणसे मृत्युमुखी पडली.

विष कसे तयार होते?

या विषाचा शोध 1960 नंतर लागला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये 1 लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीचे विष होते. बुरशीच्या नावावरूनच विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ही हिरवट पिवळी बुरशी जमिनीत व पालापाचोळ्यात नेहमीच असते. उष्ण हवा आणि दाण्यातील ओल या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती झपाट्याने वाढते. दाणे भरण्याच्या काळात पिकास पाण्याचा ताण पडला, किडीने शेंग वा कणीस पोखरले, किंवा काढताना शेंग फुटली, तर तिला आत शिरण्यास वाट मिळते.

येथे तीन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, शिजविल्याने किंवा भाजल्याने विष जाते. बुरशी मरते हे खरे. परंतु विष घरच्या चुलीवरील आचेने पूर्णपणे नष्ट होत नाही. दुसरा असा की, बुरशी पुसून टाकली म्हणजे दाणा शुद्ध झाला. विष दाण्याच्या आत मुरलेले असते. तिसरा असा की, खाऊन लगेच त्रास झाला नाही म्हणजे अपाय नाही. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो. ज्यांना हिपॅटायटिस बी ही कावीळ जडलेली असते त्यांना तर हा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो.

काढणी व वाळवणी

विष एकदा तयार झाल्यावर घरगुती उपाय फारसा नाही. यास्तव ते होऊच न देणे हाच खरा उपाय होय. भुईमुगाच्या टरफलाची आतील बाजू काळसर दिसू लागली की पीक वेळेवर काढावे. उपटलेले वेल शेंगा वर, उन्हाकडे येतील अशा रीतीने पसरावेत. ओल्या वेलांचे ढीग मुळीच घालू नयेत. मक्याची कणसे सोलून ताडपत्रीवर पातळ थरात वाळवावीत. पाऊस आल्यास माल दिवसेंदिवस झाकून न ठेवता ओसरीत किंवा पडवीत वारा लागेल असा पसरावा.

मक्यात 12 ते 13 टक्के व भुईमुगाच्या शेंगांत 8 टक्क्यांहून अधिक ओल राहू देऊ नये. ओल अजमावण्याची एक सोपी रीत आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मक्याचे मूठभर दाणे व थोडे कोरडे मीठ घालून बाटली काही मिनिटे हलवावी. मीठ काचेला चिकटल्यास दाण्यात 15 टक्क्यांहून अधिक ओल आहे असे समजावे. मीठ न चिकटले तरीही आणखी एकदोन उन्हे देणे हितावह असते.

पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचावीत. यंत्राने शेंगा फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची चाल आहे. ती टाळावी, अथवा दाणे पुन्हा चांगले वाळवावेत.

खराब दाण्यांचे काय करावे?

विष सर्व दाण्यांत सारखे नसते. ते बहुधा थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते. म्हणून काळे पडलेले, सुरकुतलेले, फुटके व बुरशी आलेले दाणे हाताने निवडून काढल्यास धोका पुष्कळ कमी होतो. घरातील स्त्रिया सुपात धान्य निवडतात, त्या कामाचे महत्त्व यावरून कळून येईल.

तथापि, निवडून काढलेले दाणे कोठे जातात हाच खरा प्रश्न आहे. पुष्कळ घरांत चांगला माल बाजारात जातो व खराब टोपली घरच्या जात्यावर येते, मजुरांस दिली जाते किंवा गुराकोंबड्यांपुढे टाकली जाते. कोंबड्यांची पिल्ले या विषाने लवकर मरतात. दुभत्या जनावराने ते खाल्ले तर त्याचा काही अंश दुधात उतरतो व लहान मुलांच्या पोटात जातो. घाण्यावर तेल काढले तरी बहुतेक विष पेंडीत राहते. यास्तव असे दाणे खाऊ नयेत, विकू नयेत, चांगल्या धान्यात मिसळू नयेत; ते जाळून किंवा खोल पुरून टाकावेत.

पसाभर धान्यही टाकून देणे गरीब कुटुंबास जड जाते, याची जाणीव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ठेवावी. केवळ ‘खाऊ नका’ असे सांगून काम भागणार नाही. काढणीपूर्वीच गावात जाऊन ताडपत्रीची सोय आहे किंवा नाही हे पाहावे व मिठाची रीत चारचौघांत करून दाखवावी. ज्या घरातील सर्वच धान्य भिजले असेल त्या घरास स्वस्त धान्य दुकानातून धान्य मिळते आहे किंवा नाही याची चौकशी करावी. पंचमहालच्या लोकांपुढे दुसरे अन्न नव्हते. तशी पाळी आपल्या गावातील कोणावर येऊ नये, यासाठी काढणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात घेतलेली काळजीच उपयोगी पडते.