मज्जातंतू: कापण्यापासून जपण्यापर्यंत

एके काळी मुंबईजवळच्या ठाकुर्लीच्या रेल्वे पॉवर हाऊसमधून निघालेली तार तुटली, की पुढची गाडी थांबायचीच. ओटीपोटातल्या मज्जातंतूंकडे डॉक्टरांनी फार काळ असंच पाहिलं: तंतू कापला, की कळ थांबेल. 1920 च्या दशकात फ्रान्समधल्या लिआँचे गास्ताँ कॉत पाळीच्या असह्य कळांवर उपाय म्हणून कण्याच्या पायथ्याशी असलेलं स्वायत्त (शरीराची आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या) मज्जातंतूंचं जाळंच कापत. काहींना आराम पडे, काहींच्या मागे बद्धकोष्ठ आणि लघवीची तक्रार लागे.

1927 मध्ये अमेरिकेत जॉन सॅम्पसन यांनी अशा कळांमागच्या एका आजाराचं, एंडोमेट्रिओसिसचं, कारण मांडलं: पाळीचं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी तिथे रुजून गाठी होतात. पण 1984 मध्ये दिसलं, की नलिका मोकळ्या असलेल्या सुमारे नव्वद टक्के बायकांत असं होतं. मग आजार साधारण दहांतल्या एकीलाच का? संशय प्रतिकारशक्तीवर गेला. चुकार पेशी गिळणारे मॅक्रोफेज इथे काम सोडून भलतंच करत होते.

नेमकं काय, ते 2004 पासून उलगडू लागलं. कॅरन बर्कली यांच्या गटाला उंदरांत दिसलं, की गाठी स्वतःचे मज्जातंतू मिळवतात, वेदनेचे आणि स्वायत्तही. 2015 मध्ये एडिंबरोच्या गटाने दाखवलं, की इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली मज्जातंतू मॅक्रोफेजना बोलावतात आणि मॅक्रोफेज मज्जातंतू वाढवणारी द्रव्यं सोडतात. दोघं एकमेकांना पोसतात. एक तार कापून हे कसं थांबणार? गर्भाशयामागच्या बंधांतले मज्जातंतू कापण्याची सोपी शस्त्रक्रिया ब्रिटनमध्ये 487 जणींवर तपासली गेली होती. 2009 चा निष्कर्ष: फायदा नाही.

2016 मध्ये शांघायला ताणाखालच्या उंदरांत गाठी झपाट्याने वाढल्या, अॅड्रिनलिन पकडणाऱ्या पेशींवरच्या ग्राहींमार्फत. (यावरून कुणा बाईला 'तू टेन्शन फार घेतेस' म्हणू नये, ते उंदीर होते.) 2024 मध्ये बोस्टनला अर्धशिशीच्या औषधांनी उंदरांची वेदना आणि गाठी दोन्ही कमी झाल्या. हा निकालही उंदरांतलाच.

आपल्याकडे, मुंबईत परळच्या एनआयआरआरसीएच या प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली देशभरातल्या रुग्णांची लक्षणं आणि जनुकं अभ्यासली जात आहेत. ठाकुर्लीहून धीम्या लोकलने गाठता येणारं हे ठिकाण. पण 'पाळीत दुखणारच' हे घरोघरचं वाक्य ओलांडून निदानापर्यंत पोचायला कित्येकींची वर्षं जातात. शस्त्रक्रियेची दिशाही बदलली आहे: खोल रुजलेल्या गाठी काढताना कुशल सर्जन आता ओटीपोटातले स्वायत्त मज्जातंतू शोधून जपतात, कारण ते दुखावले तर मूत्राशय रिकामं होत नाही.