समीकरणाची उकल आणि प्रश्नाचे उत्तर : भास्कराचार्यांच्या दोन उदाहरणांच्या आधारे

प्रस्तावना :
समीकरण म्हणजे अज्ञात राशीने पाळावयाची अट होय. जी संख्या अज्ञाताच्या जागी ठेवली असता दोन्ही बाजू समान होतात, ती त्या समीकरणाची उकल. ही व्याख्या आणि वर्गसमीकरणाचे सूत्र विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु दोन उकली हाती आल्यावर 'यांपैकी उत्तर कोणते?' असे विचारले की वर्ग शांत होतो. ऋण उकल खोडावयाची, एवढाच नियम बहुतेकांना ठाऊक असतो. तो अपुरा आहे, हे भास्कराचार्य (जन्म इ. स. १११४) यांच्या 'बीजगणित' या ग्रंथातील वानरांच्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

दोन्ही उकली ग्राह्य :
एका कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतकी वानरे वनात खेळत आहेत व उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण वानरे किती? कळपाची संख्या क्ष मानल्यास

(क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजेच क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०.

उकली ४८ व १६ येतात. ताळा पाहता ३६ + १२ = ४८ आणि ४ + १२ = १६. येथे भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे स्वीकारली आहेत.

एक उकल अग्राह्य :
कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली व एक फांदीवर दिसते. येथे

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजेच क्ष² − ५५क्ष = −२५०.

भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्या नावे दिलेल्या रीतीने दोन्ही बाजूंना ४ ने गुणून ५५ चा वर्ग मिळविल्यास (२क्ष − ५५)² = २०२५. मधले पद अशा रीतीने नाहीसे होते, म्हणून या प्रक्रियेस 'मध्यमाहरण' म्हणतात. २०२५ चे वर्गमूळ +४५ किंवा −४५; म्हणून क्ष = ५० किंवा ५.

दोन्ही उकली धन आहेत व दोन्ही समीकरणात बसतात. तरीही भास्कराचार्य ५ ही संख्या नाकारतात. ५ चा पंचमांश १. त्यातून ३ वजा केल्यास −२ उरतात, आणि उणे दोन वानरे ही कल्पना व्यवहारास मान्य नाही.

मग ५ आले कोठून? वर्ग करताना राशीचे चिन्ह लोपते. '३ मधून पंचमांश वजा करून' असा प्रश्न असता, तरी समीकरण हेच झाले असते. तेव्हा ५ हे उत्तर ठरले असते आणि ५० त्याज्य. म्हणजे ५ ही गणिती चूक नव्हे. न विचारलेल्या प्रश्नाचे ते अचूक उत्तर आहे.

निष्कर्ष :
समीकरण प्रश्नातील अट जपते, परंतु प्रश्नाचा सारा आशय जपेलच असे नाही. म्हणून मांडणी, उकल आणि अर्थनिर्णय या तीन स्वतंत्र पायऱ्या मानाव्या लागतात. तिसरी पायरी सूत्राने गाठता येत नाही. त्यासाठी मूळ प्रश्नाकडे परतावे लागते. अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र वा वाणिज्य या विषयांत समीकरणे वापरणाऱ्या अध्यापकांनाही हे लागू पडते. प्रत्येक उकल का स्वीकारली वा का नाकारली, याचे एक वाक्य विद्यार्थ्याकडून लिहून घेतले, तरी पाठांतर आणि आकलन यांतील अंतर उत्तरपत्रिकेतच दिसू लागेल.