घंटेपासून फाटकापर्यंत

जगभरातल्या फायरमनची एक रीत आहे. विजार काढताना ती गमबुटांवरच उतरवून, गुंडाळी करून तशीच ठेवायची. घंटा झाली की दोन्ही पाय सरळ बुटांत, विजार वर ओढली, पट्टे खांद्यावर, आणि कोट चढवत चढवत गाडीत. ‘एनएफपीए’ या अमेरिकी संस्थेचं मानक या तयारीला 80 सेकंद देतं आणि पहिली गाडी जागेवर पोहोचायला 240. पहिला आकडा सांभाळायचा इमारतीने, दुसरा सांभाळायचा प्लॉटने.

प्लॉटचं आधी बोलू, कारण तो चुकला तर वास्तुविशारदाच्या हातात काही उरत नाही. आपल्याकडे शहरात साधारण 10 चौरस किलोमीटरमागे एक अग्निशमन केंद्र असा निकष धरतात. एवढ्या क्षेत्रफळाचं वर्तुळ काढलं तर त्रिज्या निघते जेमतेम 1.8 किलोमीटर. ताशी 20 किलोमीटरने साडेपाच मिनिटं. म्हणजे 240 सेकंद कागदावरच ओलांडले! आणि बंब त्रिज्येवरून धावतही नाही. मुंबईत मध्ये रेल्वेचे रूळ येतात. पलीकडची चाळ बंबखान्याच्या खिडकीतून दिसते आणि पूल मात्र लांबवर. म्हणून जाणकार माणूस कंपास बाजूला ठेवून रस्त्यांवरची मिनिटं मोजतो: दुभाजक कुठे तोडलाय, बाजार कुठल्या वारी भरतो, शाळा किती वाजता सुटते. चौकाच्या तोंडावरची जागा मोक्याची वाटते, पण सिग्नलला थांबलेली रांग नेमकी फाटकासमोरच उभी राहते. चौकापासून थोडं आत, रुंद रस्त्यावर, ही खरी जागा. आपल्या शहरांत बहुतेकदा उलटं होतं: बाकी सगळं वाटून झाल्यावर उरलेला तुकडा केंद्राला मिळतो.

आता इमारत. बंबात साडेचार हजार लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचंच साडेचार टन वजन, म्हणून गाडीखालची फरशी कारखान्याच्या ताकदीची हवी आणि तिला दाराकडे उतार हवा. शक्य असेल तर मागूनही फाटक ठेवतात, म्हणजे परतलेली गाडी रिव्हर्स न घेता पुन्हा तोंड रस्त्याकडे करून उभी राहते. दार मात्र आजच्या गाडीच्या मापाने करू नये. गाडी पंधरा-वीस वर्षांत बदलते, दार पन्नास वर्षं तेच राहतं, आणि शिड्या तर उंचच होत चालल्यात.

वरून खाली येण्याचा प्रसिद्ध खांब 1878 साली शिकागोत, कॅप्टन डेव्हिड केन्यन यांच्या तुकडीत जन्मला. सिनेमाने त्याला अमर केलं. प्रत्यक्षात पाय मुरगळतात, मोडतात, म्हणून कित्येक नव्या केंद्रांत झोपण्याची खोली तळमजल्यावरच, गाडीशेजारी आणतात. केंद्राचा मनोराही तसाच बदलला. पूर्वी कॅनव्हासचे ओले होज त्यात टांगून वाळवत, नाहीतर बुरशी धरायची. आता होज कृत्रिम धाग्याचे. मनोरा उरला तो शिडीच्या सरावापुरता.

सगळ्यात मोठा बदल मात्र डोळ्यांना दिसत नाही. काजळीचा वास मारणारा कोट खाटेशेजारी टांगणं हा एके काळी फायरमनचा मिरवायचा दागिना होता. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फायरमनचा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला. आता चांगल्या नकाशात मळकट कपड्यांची खोली, धुण्याची जागा, न्हाणीघर आणि मग झोपण्याची खोली असा क्रम धरतात. डिझेलचा धूर स्वयंपाकघराकडे येणार नाही अशी भिंत घालतात. आपल्याकडे केंद्राच्या आवारातच कर्मचाऱ्यांची कुटुंबं राहतात, त्यामुळे ती भिंत बायकामुलांसाठीही असते.

देखणेपणाचं काय? जर्मनीत वाइल आम राइन इथे झाहा हदीद यांनी फर्निचरच्या कारखान्यासाठी केंद्र बांधलं, 1993 साली. टोकदार, धावत्या रेषांचं. आज तिथे प्रदर्शनं भरतात, बंब नाहीत. मला ती इमारत फोटोत आवडते. पण मुंबई अग्निशमन दलाच्या भायखळ्याच्या मुख्यालयातून गाड्या अजून निघतात, आणि त्या दलाची महापालिकेतली सुरुवात 1887 ची, घोडे बंब ओढत तेव्हाची.

वाचकांना एकच विनंती. नकाशा कितीही शहाणा असला तरी शेवटचे वीस मीटर तुमच्या ताब्यात असतात. केंद्राच्या फाटकासमोर ‘दोन मिनिटांसाठी’ स्कूटर लावू नका, सोसायटीची गल्ली मोकळी ठेवा. आणि 101 फिरवलात तर पत्त्याबरोबर जवळची खूणही सांगा.