आश्रमशाळेतील भेदभाव आणि विद्यार्थ्यांचा आवाज

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, विशेषतः देवरी आणि सालेकसा या आदिवासीबहुल तालुक्यांत, अनेक मुले आश्रमशाळांत, म्हणजे शिक्षणासोबत निवास व भोजन देणाऱ्या शाळांत शिकतात. घर दूर आणि पालकाची भूमिकाही शाळेकडेच, त्यामुळे जातीवरून किंवा बोलीवरून हिणवले गेल्याची तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न तेथे अधिक बिकट होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ८ नुसार वंचित गटांतील मुलांशी भेदभाव होणार नाही हे पाहण्याचे कर्तव्य शासनाचे आहे, तर कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते.

तक्रार उघडपणे मांडण्याचा आधार मात्र संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये, म्हणजे भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात आहे, आणि त्यासाठी वयाची अट नाही. केरळमध्ये राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या तीन मुलांना शाळेतून काढण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालात ही कारवाई रद्द ठरवली. मूलभूत हक्कावर बंधन घालायचे तर त्याला कायद्याचे बळ हवे, केवळ खात्याचे परिपत्रक पुरत नाही, असे तत्त्व त्यात आहे. परिपत्रकांवरच चालणाऱ्या शाळाव्यवस्थेत हा निकाल फारसा आठवला जात नाही. प्रत्यक्षात आवाज उठवणेही सोपे नसते: जुलै २०१८ मध्ये भोजनाऐवजी बँक खात्यात रक्कम देण्याच्या धोरणाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघालेल्या आदिवासी वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना पोलिसांनी वाटेतच अडवले होते.