राजकीय पक्ष आणि ख्रिस्ती मनुष्याची वाणी

ज्या देशांत राज्यकारभार लोकांच्या मतानें चालतो, त्या देशांत पक्ष असणें स्वाभाविक आहे. एकाच प्रश्नाकडे सर्व माणसें एकाच दृष्टीनें पाहत नाहींत. कर किती असावा, शेतकऱ्यास कोणतें साहाय्य द्यावें, शाळा कोणीं चालवाव्या, ह्या गोष्टींविषयीं प्रामाणिक माणसांतहि मतभेद होतात, व समान मताचे लोक एकत्र येऊन पक्ष बनतो. ह्यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु निवडणूक जवळ आली म्हणजे मतभेदाचें रूप पालटतें. कालपर्यंत जो शेजारी होता, तो आज केवळ ‘त्या पक्षाचा’ मनुष्य होतो. भावाभावांत अबोला धरला जातो. आणि रविवारीं एकाच बांकावर बसून प्रार्थना करणारीं कुटुंबें सोमवारीं एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जातात. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्यानें कसें वागावें, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांसहि परका नाहीं. आपल्या देशांत १९८९ सालापासून मताधिकाराचें वय एकवीसावरून अठरावर आलें आहे, व आज वरच्या वर्गांत बसणारे विद्यार्थी थोड्याच काळांत मतदार होणार आहेत.

ह्या प्रश्नास दोन सोपीं उत्तरें नेहमीं दिलीं जातात. पहिलें असें कीं, राजकारण मलिन आहे, सबब भाविकानें त्यापासून दूर राहावें. दुसरें असें कीं, आपला पक्ष हाच धर्माचा पक्ष, सबब विरुद्ध पक्षाचा मनुष्य देवाचाहि शत्रु समजावा. पहिल्या उत्तरानें शेजाऱ्याच्या हिताची जबाबदारी टळते. दुसऱ्या उत्तरानें शेजारीच नाहींसा होतो. मग तिसरा मार्ग आहे काय? आहे, आणि एका वृद्ध उपदेशकानें सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं तो मोजक्या शब्दांत सांगून ठेविला आहे.

इंग्लंडच्या पश्चिमेस ब्रिस्टल नांवाचें मोठें बंदर आहे. १७७४ च्या आक्टोबर महिन्यांत तेथें पार्लमेंटची निवडणूक व्हावयाची होती. त्या काळची निवडणूक कशी असे, हें समजल्याशिवाय पुढील गोष्टीचें महत्त्व ध्यानांत येणार नाहीं. मताधिकार कांहीं पुरुषांनाच असे. स्त्रियांना तो मिळत नसे. मत गुप्त नव्हतें. मतदारानें सर्वांसमक्ष उभें राहून आपल्या पसंतीच्या उमेदवाराचें नांव सांगावयाचें, तें वहींत लिहून घेतलें जाई, आणि कोणीं कोणास मत दिलें ह्याच्या याद्या पुढें छापूनहि निघत. त्यामुळें घरमालकाला भाडेकऱ्यावर आणि धन्याला कामगारावर दाब आणणें सोपें जाई. पैसे वाटणें, दारू पाजणें, मेजवान्या देणें हें तर नित्याचेंच होतें. ब्रिस्टलचें मतदान जवळजवळ महिनाभर चाललें. इंग्लंडांत गुप्त मतदानाचा कायदा व्हावयास १८७२ साल उजाडलें.

अशा तापलेल्या हवेंत, ६ आक्टोबर १७७४ रोजीं, जॉन वेस्ली ह्यांनीं ब्रिस्टलच्या आपल्या मंडळींतील मतदारांस एकत्र बोलाविलें. वेस्ली हे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक. त्यांचें वय त्या वेळीं एकाहत्तर वर्षांचें होतें. त्यांनीं मतदारांस तीन गोष्टी सांगितल्या व त्यांची नोंद आपल्या रोजनिशींत केली. पहिली गोष्ट, जो उमेदवार सर्वांत योग्य वाटेल त्यालाच मत द्यावें, व त्याबद्दल पैसा किंवा बक्षीस घेऊं नये. दुसरी, ज्याच्या विरुद्ध मत दिलें त्याच्याविषयीं वाईट बोलूं नये. तिसरी, ज्यांनीं दुसऱ्या बाजूस मत दिलें त्यांच्याविषयीं आपलें मन कडवट होऊं नये, म्हणून जपावें. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, ह्या नोंदींत कोणत्याहि उमेदवाराचें नांव नाहीं. वेस्ली ह्यांना स्वतःचीं राजकीय मतें नव्हतीं असें नाहीं. तीं चांगलीं ठाम होतीं. तथापि मत कोणास द्यावें हें त्यांनीं ज्याच्या त्याच्या विवेकबुद्धीवर सोपविलें, आणि मन व जीभ कशी राखावी एवढेंच शिकविलें.

हे तीन नियम पायरीपायरीनें कठीण होत जातात. पहिला नियम हातासाठीं आहे. लांच घेऊं नये, हें कोणासहि पटतें, आणि ज्यानें मनाशीं निश्चय केला त्याला तें पाळतांहि येतें. दुसरा नियम जिभेसाठीं आहे. जीभ आंवरणें किती कठीण, हें याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत विस्तारानें सांगितलें आहे. देवाचा धन्यवाद करणाऱ्या मुखानेंच देवाच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप देणें किती विसंगत आहे, हें तेथें दाखविलें आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, ही तर दहा आज्ञांपैकीं एक आज्ञा आहे, आणि तो शेजारी आपल्याच पक्षाचा असावा अशी अट तिला कोठेंहि जोडलेली नाहीं. तिसरा नियम अंतःकरणासाठीं आहे. तो पाळला कीं नाहीं, हें दुसऱ्या कोणास दिसत नाहीं. तें देवास व आपणांस ठाऊक.

ह्या शिकवणुकीचें मूळ शुभवर्तमानांतच आहे. प्रभु येशूनें निवडलेल्या बारा शिष्यांचीं नांवें लक्षपूर्वक वाचावीं. त्यांत मत्तय आहे. तो जकातदार, म्हणजे सत्ताधाऱ्यांसाठीं कर वसूल करणारा, व म्हणून स्वजनांच्या तिरस्कारास पात्र झालेला. त्याच यादींत लूकानें ‘जिलोत’ म्हणून ओळखविलेला शिमोन आहे; आणि तें नांव स्वधर्माच्या व स्वजातीच्या कडव्या अभिमान्यांचें. बाजारांत समोरासमोर आले असते तर ज्यांनीं एकमेकांकडे पाहिलें नसतें, असे हे दोघे एका गुरूच्या पंक्तीस बसले. ह्या दोघांचीं मतें पुढें जुळलीं कीं नाहीं, हें शुभवर्तमान सांगत नाहीं. ते एका पंक्तीस बसले, एवढें मात्र सांगतें.

येथें एक शंका कोणीहि विचारील. वाईट बोलूं नये, असें म्हटलें म्हणजे वाईट गोष्टीला वाईट म्हणूं नये काय? सौजन्य म्हणजे अन्यायापुढें मौन काय? ह्या शंकेचें उत्तर त्याच माणसानें त्याच वर्षीं दिलें आहे. ब्रिस्टल बंदराची पुष्कळशी संपत्ति गुलामांच्या व्यापारावर उभी होती. आफ्रिकेंतून माणसें विकत किंवा पकडून आणावीं, अमेरिकेकडील बेटांत तीं विकावीं, आणि साखर घेऊन परत यावें, असा तो व्यापार होता. १७७४ सालींच वेस्ली ह्यांनीं गुलामगिरीविरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली, व जहाजांचे कप्तान, व्यापारी आणि मळेवाले ह्यांस उद्देशून अतिशय कठोर शब्दांत त्या पातकाचा जाब विचारला. म्हणजे ज्यानें उमेदवाराची निंदा करूं नका असें सांगितलें, त्यानेंच अन्यायाची निंदा करण्यांत कसूर केली नाहीं. कृत्यावर सत्य आरोप करणें वेगळें, आणि माणसाविषयीं द्वेष पसरविणें वेगळें. हा भेद ओळखणें हेंच ह्या विषयांतील मुख्य शिक्षण होय.

त्या भेदाचें फळहि इतिहासानें दाखविलें आहे. विल्यम विल्बरफोर्स ह्यांनीं १२ मे १७८९ रोजीं पार्लमेंटांत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पहिलें मोठें भाषण केलें. आपण कोणा एकावर दोष ठेवावयास उभे नाहीं, ह्या दोषांत आपण स्वतः व सर्व पार्लमेंट भागीदार आहों, अशा आशयाची प्रस्तावना करून त्यांनीं त्या व्यापाराची भयंकर हकीकत पुराव्यासह मांडली. १७९१ सालीं त्यांचा ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनीं पडला. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. मुख्य प्रधान पिट हे त्यांचे जिवलग मित्र होते, आणि पिट ह्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी फॉक्स. राजकारणांत फॉक्स व विल्बरफोर्स ह्यांचे मार्ग बहुधा भिन्न असत. परंतु ह्या एका प्रश्नावर पिट व फॉक्स दोघांनींहि विल्बरफोर्स ह्यांना साहाय्य केलें. १८०६ सालीं पिट वारले. त्याच वर्षीं मंत्रिमंडळांत आलेल्या फॉक्स ह्यांनीं तो व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटांत मांडला, व कांहीं महिन्यांनीं तेहि वारले. २३ फेब्रुवारी १८०७ रोजीं कॉमन्स सभेनें १६ विरुद्ध २८३ मतांनीं त्या बिलास अनुकूल कौल दिला. विल्बरफोर्स ह्यांनीं प्रतिपक्षाच्या माणसांस तोडून टाकिलें असतें, तर इतके हात एका कामास लागले असते काय, ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

तथापि नियम सांगणें सोपें व पाळणें अवघड, हेंहि खरें. वेस्ली ह्यांची परीक्षा वर्षभरांतच झाली. अमेरिकेंतील वसाहतींनीं इंग्लंडच्या करांविरुद्ध बंड पुकारिलें, तेव्हां १७७५ सालीं त्यांनीं वसाहतवाल्यांस उद्देशून शांतपणाचा उपदेश करणारी एक पत्रिका काढली. तिच्यांतील बराचसा मजकूर डॉ. जॉन्सन ह्यांच्या लेखांतून त्यांचें नांव न घेतां घेतलेला होता; आणि इंग्लंडांतील कांहीं राजद्वेष्टे लोकच ही आग पेटवीत आहेत, असा विरोधकांच्या हेतूवर ठपकाहि तिच्यांत होता. त्यावर ब्रिस्टलच्याच केलेब एव्हन्स नांवाच्या बॅप्टिस्ट पाळकांनीं उत्तर लिहिलें. ज्यांचें एक भक्तिगीत आजहि जगभर गाइलें जातें त्या टॉपलेडी ह्यांनीं तर आपल्या पुस्तिकेच्या नांवांतच वेस्ली ह्यांना डांबर फांसून पिसें चिकटविलेला म्हातारा कोल्हा ठरविलें! दोन्ही बाजूंस देवाचे सेवक, दोन्ही बाजूंस भक्तीचे ग्रंथकार, आणि भाषा मात्र चव्हाट्यावरची. पक्षाभिमानाचें विष साधुपुरुषांसहि कसें चढतें, ह्याचें हें ढळढळीत उदाहरण आहे.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. अमेरिका स्वतंत्र झाली. ज्या पक्षास वेस्ली ह्यांनीं विरोध केला होता, तोच विजयी झाला. १७८४ च्या सप्टेंबर महिन्यांत त्यांनीं अमेरिकेंतील आपल्या बंधूंस पत्र लिहून त्यांच्या स्वातंत्र्याचा मोकळ्या मनानें स्वीकार केला, व तेथील मंडळ्यांच्या सेवेसाठीं डॉ. कोक ह्यांना व त्यांच्याबरोबर आणखी दोघांना समुद्रापलीकडे पाठविलें. वादांत आपली बाजू पडली म्हणून त्यांनीं नातें तोडलें नाहीं. तिसऱ्या नियमाची कसोटी निवडणुकीनंतर लागते, ती ही.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या देशांत मतदान गुप्त आहे, आणि स्त्रीपुरुष सर्वांस मताचा अधिकार आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें मतासाठीं लांच देणें व घेणें, तसेंच निवडणुकींत उमेदवाराच्या खासगी शीलाविषयीं जाणूनबुजून खोटा मजकूर प्रसिद्ध करणें, हे भ्रष्टाचार ठरविले आहेत. म्हणजे पहिला नियम व दुसऱ्याचा कांहीं भाग आज कायद्यांतच आला आहे. परंतु चहाच्या दुकानांतील कुजबूज, लग्नाच्या पंक्तींतील टोमणा, आणि मोबाइलवर आलेला मजकूर खरा कीं खोटा हें न पाहतां पुढें धाडण्याची घाई, ह्या सर्वांपर्यंत कायद्याचा हात पोंचत नाहीं. आणि तिसऱ्या नियमासाठीं तर कोणतेंहि न्यायालय नाहीं. तेथें विवेकबुद्धि हीच न्यायाधीश.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, वादविवादसभेंत उभे राहाल तेव्हां प्रतिपक्षाचें म्हणणें प्रथम अशा शब्दांत सांगून पाहा कीं, तें ऐकून त्यालाहि वाटावें, होय, माझें म्हणणें हेंच. मग त्याचें खंडन खुशाल करा, व जोरानें करा. आणि पालकहो, जेवतांना आपण राजकीय पुढाऱ्यांविषयीं जे शब्द वापरतों, ते मुलें पाठ्यपुस्तकापेक्षां लवकर पाठ करितात, हें विसरूं नये. मत कोणास द्यावें, हें सांगणें शाळेचें काम नाहीं. मत दिल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं ज्यानें दुसऱ्या बाजूस मत दिलें त्या शेजाऱ्यास आपण होऊन प्रथम नमस्कार करावा, एवढें मात्र आपण सर्वांनीं शिकावयाचें आहे.